व्हर्नाच्या हाताजोगं पिस्तूल

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं होईपर्यंत व्हर्नाला एखादी गोष्ट हाताने जमत नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. माझी बायको जनावरांची डॉक्टर आहे. मोंटानाच्या या पूर्वेकडच्या माळावर, आमच्या टिंबर फोर्क गावाच्या चारी बाजूंना साठ-साठ मैल, कुणाची गाय अडली किंवा कुणाच्या घोड्याचं पोट फुगलं की फोन आमच्याकडे येतो. मी धान्याच्या कोठारावर मॅनेजर होतो. निवृत्त झाल्यापासून तिची गाडी चालवतो, कुंपणांची फाटकं उघडतो आणि तिची बोलणी खातो.

त्या ऑक्टोबरात हॉगन यांच्या रँचवर एका मेंढीला तपासताना व्हर्नाच्या अंगावर कुत्रा आला. पाळीव नव्हे, कुणीतरी माळावर सोडून दिलेला, निम्मा लांडगाच म्हणा. त्याने तिचा डावा दंड धरला. मी पलीकडच्या फाटकाशी होतो. तिने लाथा घालून त्याला सोडवलं आणि गाडीकडे धावली, कारण तिच्या वडिलांचं जुनं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल गाडीच्या खणात असायचं. ते तिच्या हातात आलेलं मी लांबून पाहिलं. वरची स्लाइड मागे ओढली की पहिलं काडतूस नळीत चढतं, हे ती वयाच्या दहाव्या वर्षापासून करत आली होती. तिने ओढली. स्लाइड अर्ध्यावर येऊन सटकली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तोवर कुत्रा वळून मेंढ्यांत घुसला होता आणि हॉगन रायफल घेऊन येईपर्यंत त्याने दोन मेंढ्या फाडल्या.

दंडाला चौदा टाके पडले. दवाखान्यातून परतताना ती वीस मैल आपल्या पंजांकडे बघत होती. मग म्हणाली, "माझे अंगठे गेले, लाइल."

संधिवात तिला तीन-चार वर्षं होता, हे मला माहीत होतं. पण तिने तो शब्द कधी माझ्यासमोर उच्चारला नव्हता.

मी म्हटलं, पिस्तूल आपण विकून टाकू, मी रायफल घेऊन तुझ्याबरोबर उभा राहीन. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर रस्त्यावर वळवली. तिचं म्हणणं साधं होतं. पिस्तूल गाडीत असून उपयोग नाही, अंगावर पाहिजे. आणि अंगावर असेल ते तिच्या आताच्या हातांना चालवता आलं पाहिजे, वीस वर्षांपूर्वीच्या हातांना नव्हे.

टाके निघाल्यावर आम्ही ऑरिन बॅस्कमच्या दुकानात गेलो. पशुखाद्याच्या दुकानामागे एक लांबट खोली, तिथे तो बंदुका विकतो आणि दुरुस्त करतो. शाळेत तो आमच्या पुढे तीन वर्षं. तेविसाव्या वर्षी गवताच्या गासड्या बांधणाऱ्या यंत्रात त्याचा डावा हात खांद्याजवळून गेला. एका हाताचा माणूस बंदुका कसा दुरुस्त करतो, हे आम्ही इतकी वर्षं पाहत आलो होतो, म्हणून त्याचं नवल वाटायचं थांबलं होतं. ते थांबायला नको होतं, हे मला नंतर कळलं.

व्हर्नाने काचेतल्या एका छोट्या पिस्तुलाकडे बोट केलं. ऑरिनने काही ते काढलं नाही.

"पिस्तूल नंतर," तो म्हणाला. "आधी हात दाखव."

तिने दोन्ही पंजे काउंटरवर ठेवले. फुगलेले सांधे, वाकडी झालेली करंगळी, दोराने भाजल्याचे जुने वण. ऑरिनने सुताराची टेप घेऊन अंगठ्याच्या बुडापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर मोजलं, मग तिला आपला हात दाबायला सांगितला. तिने दाबला. त्याने मान हलवली.

कोपऱ्यात कॉफी पीत रस्क डेलनी बसला होता. रस्क बैल पाळतो आणि मतंही पाळतो. "पंचेचाळीसपेक्षा लहान काही घेऊ नका, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "लहान गोळीनं समोरचा फक्त चिडतो."

"मागच्या वर्षी तू पंचेचाळीसनं स्वतःच्या ट्रॅक्टरचं चाक फोडलंस," ऑरिन त्याच्याकडे न बघता म्हणाला. "ते चिडलं का?"

रस्कने कॉफीत लक्ष घातलं.

ऑरिनने काउंटरवर मऊ फ्लॅनेल अंथरलं आणि त्यावर एकेक करून पाच पिस्तुलं ठेवली. प्रत्येक वेळी तो काडतुसांचं मॅगझिन काढायचा, स्लाइड उघडायचा, रिकामी नळी आधी स्वतः बघायचा, मग आम्हाला दाखवायचा. पाचही वेळा, तेवढ्याच सावकाश. मला वाटलं होतं की दुबळ्या हाताला सगळ्यांत लहान पिस्तूल बरं. व्हर्नालाही तसंच वाटलं होतं. तिने तळहातात मावणारं, तीनशे ऐंशी कॅलिबरचं एक उचललं, तर स्लाइड हलेचना. लहान पिस्तुलात जागा कमी, म्हणून स्प्रिंग कडक आणि पकडायला बोटभरच पोलाद. शिवाय हलकं असल्यामुळे धक्का पचवायला त्याच्यात काही नसतं, तो सगळा मनगटात येतो. ऑरिन म्हणाला की लोक खिशाकडे बघून पिस्तूल घेतात आणि मग ते खिशातच राहतं.

शनिवारी त्याने आम्हाला गावाबाहेरच्या खडीच्या खाणीवर बोलावलं. तिथे तिन्ही बाजूंनी मातीचा उंच बांध आहे. पाचही पिस्तुलं त्याने आणली होती. आधी स्वतः दाखवतो म्हणाला.

मी धान्याच्या व्यापारात आयुष्य काढलेला माणूस; मला नेमबाजीतलं कळत नाही. पण त्या सकाळी जे पाहिलं ते सांगतो. त्याने पिस्तूल पट्ट्यातल्या म्यानात उभं रोवलं, एकाच हाताने मॅगझिन आत ढकललं. मग ते उपसून, नळी बांधाकडेच ठेवून, स्लाइडवरची नेम धरायची मागची खूण बुटाच्या टाचेला अडकवली आणि खाली दाबली. खट्. काडतूस चढलं. हात वर आला. पाच गोळ्या सुटल्या, मोजून एका श्वासाइतक्या अंतराने. पंचवीस यार्डांवर कॉफीच्या डब्याचं झाकण टांगलं होतं. मी ते काढून आणलं, तेव्हा त्यात पाच नव्हे, एकच भोक होतं, क्लोव्हर गवताच्या तीन पाकळ्यांच्या पानासारखं कातरलेलं. माझ्या हातात ते झाकण अजून कोमट होतं. मला चर्चमध्ये बोलावं तसं हळू बोलावंसं वाटायला लागलं.

"कसं जमतं?" मी विचारलं.

"दुसरा हात मदतीला येईल अशी वाट बघणं सोडलं की जमतं," ऑरिन म्हणाला. व्हर्नाने ते ऐकलं.

मग तिची पाळी. पंचेचाळीसचं आखूड पिस्तूल तिच्या हातात उसळलं आणि तिचे डोळे पाण्याने भरले, पण तिने सातही गोळ्या झाडल्या, कारण रस्कला सांगता आलं पाहिजे. चाळीसची दोन्ही त्याहून वाईट, चावऱ्या घोड्यांसारखी. चिमुकल्या तीनशे ऐंशीने तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात कातडी सोलली. शेवटी नऊ मिलिमीटरचं एक राहिलं. फार लहान नाही, फार मोठंही नाही. मुठीवर तिची तिन्ही बोटं मावत होती, स्लाइडच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी छोटे कान होते आणि स्प्रिंग मऊ होती. त्यातून तिने दहा गोळ्या झाडल्या. दहावीनंतर तिने पिस्तूल खाली ठेवलं. "हे ऐकतं माझं," ती म्हणाली.

तरी स्लाइड दहापैकी चार वेळा सटकायची. तेव्हा ऑरिनने तिला त्या दिवसातली सगळ्यांत मोलाची गोष्ट शिकवली. स्लाइड ओढायची नाही. ती डाव्या पंजाने वरून गच्च धरायची, छातीजवळ आणायची, नळीचं तोंड बांधाकडेच ठेवायचं आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. ओढण्यात अंगठा लागतो, ढकलण्यात खांदा. आणि अडलेली वासरं ओढून ओढून व्हर्नाचे खांदे कसे झालेत, ते जिल्ह्याला माहीत आहे.

परत दुकानात आल्यावर राहिला प्रश्न गोळीचा. तेव्हा मी एक अशी गोष्ट पाहिली, जी अजून मनातून जात नाही. ऑरिन सांगत होता की गोळी केवढी हे रस्कला विचार, पण ती कुठे थांबेल हे मला विचार. आरपार गेलेली गोळी पलीकडे कुणाला लागेल, हे ती सोडणाऱ्याच्याच डोक्यावर असतं. म्हणून आत जाऊन उमलणारी, थांबणारी गोळी घे. व्हर्नाने विचारलं, कशात थांबणारी? मग तिने काउंटरवरचा कागद ओढला आणि पेन्सिलीने घोड्याची कवटी काढली. हाड कुठे बोटभर जाड, कुठे बशीसारखं पातळ, पोकळी कुठे, मेंदू कुठे आणि केवढासा. कोणत्या कोनातून गेलेली गोळी मानेच्या लांबीत जिरते आणि कोणत्या कोनातून जबडा फोडून बाहेर येते. मग बैलाची काढली, मग कुत्र्याची. दुपार तशी गेली. आत येणारी गिऱ्हाइकं मागे उभी राहून ऐकत होती. तिचं संपलं तेव्हा ऑरिनने डोक्यावरची टोपी काढली. तो ती जेवतानाही काढत नाही.

सरकारी फॉर्म भरला, ऑरिनने फोन करून तिच्या नावाची चौकशी पुरी केली आणि पिस्तूल आमच्या घरी आलं. पुढचा अख्खा हिवाळा मी जेवणानंतर भांडी घासायचो आणि ती स्वयंपाकघरातल्या दगडी भिंतीकडे तोंड करून सराव करायची. काडतुसं गॅरेजमध्ये कुलपात. पिस्तूल तीनदा तपासून रिकामं. ढकल, खट्. ढकल, खट्. नाताळपर्यंत चुकायचं बंद झालं. नंतर तिने लोकरी हातमोजे घालून सुरू केलं. मग डोळे मिटून. मी एकदा म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, "तू तुझा तवा घास."

उजव्या कमरेला, कामाच्या डगल्याखाली ती ते बांधायला लागली. नळीत काडतूस ठेवत नसे, कारण दिवसभर जनावरांच्या पायांत वाकायचं असतं. ऑरिनला ते फारसं पटलं नाही, पण हात तिचे आणि काम तिचं, म्हणून त्याने ते चालवून घेतलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, आम्ही एका कालवडीला बघून परत येत होतो. ऊन लख्ख होतं आणि रस्त्यावर न दिसणारा बर्फ होता. उताराच्या वळणावर एक पिकअप आडवी उभी दिसली. तिच्या मागची घोड्याची ट्रेलरगाडी कुशीवर कलंडली होती. एक मालट्रकवाला थांबून फोनवर ओरडत होता. आग विझवणारे स्वयंसेवक निघाले होते, पण त्यांना चाळीस मिनिटं लागणार होती. ट्रेलरच्या आतून पत्र्यावर धाड धाड असे आवाज येत होते आणि मध्येच एका मुलीचा आवाज.

ती ब्रिन लुंडीन होती, पलीकडच्या जिल्ह्यातल्या लुंडीनांची, एकोणीस वर्षांची. घोड्यावरून पिंपांना वळसे घालायच्या शर्यतीत उतरायची. अपघातातून ती धडधाकट बाहेर आली होती. मग घोड्याचा दोर कापायला वरच्या छोट्या दारातून आत उतरली आणि घोडा धडपडून तिच्या पायावर पडला.

व्हर्ना त्याच दारातून आत गेली. मी दारावर पालथा पडून आत टॉर्च धरला. घोडा करड्या रंगाचा होता, उमदा, मोठा. त्याचा पुढचा एक पाय गुडघ्याच्या वर असा मोडला होता की मलाही कळलं. मुलीचा पाय त्याच्या छातीखाली होता आणि ती स्वतः भिंतीशी, त्याच्या मानेमागे अडकलेली. दर थोड्या वेळाने तो उठायला बघायचा आणि डोकं मागे आपटायचं. ते एकदा तिच्या बरगड्यांना लागलं होतं. तिचा श्वास कुत्र्याच्या धापेसारखा चालला होता.

व्हर्नाने आधी झोपेचं इंजेक्शन त्याच्या दंडात खुपसलं. पण ते चढायला पंधरा मिनिटं लागतात, आणि अशा भेदरलेल्या जनावरावर चढतंच असं नाही. जिच्यातून औषध क्षणात जातं ती मानेची शीर खालच्या बाजूला होती, हात पोचत नव्हता. घोड्याने पुन्हा डोकं आपटलं. या वेळी मुलगी ओरडलीसुद्धा नाही.

"ब्रिन," व्हर्ना म्हणाली, "माझ्याकडे बघ. मला याला आत्ता थांबवावं लागेल. कळतंय ना तुला?"

मुलीने घोड्याच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाली, "त्याचं नाव ऑगस्ट. त्याला नावानं हाक मारा."

व्हर्नाने आपली लोकरी टोपी काढून तिच्या कानांवर ओढली आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. मला म्हणाली, "लाइल, टॉर्च त्याच्या डोळ्यांत नको, कपाळावर. आणि तू मागे हो." मी मागे झालो नाही. तिने डगला वर केला. त्या कुबट पत्र्याच्या पेटीत, एक गुडघा टेकून, गारठलेल्या हातांनी तिने स्लाइड धरली आणि पिस्तूल पुढे ढकललं. खट्.

चारी बाजूंना पत्रा होता आणि त्या जिवापलीकडे हातभर अंतरावर मुलगी. कोन चुकला असता तर ती गोळी कुठे गेली असती, हा विचार माझ्या मनात आला आणि मी टॉर्च दोन्ही हातांनी धरला. व्हर्नाने डावा तळवा घोड्याच्या कपाळावर ठेवला. "ऑगस्ट," ती म्हणाली. "ए ऑगस्ट. बास रे राजा, बास."

आणि तो थांबला. हे मी कसं सांगू ते कळत नाही. औषधाने नव्हे, ते जाऊन दोनच मिनिटं झाली होती. त्या तळव्याखाली तो थांबला, कान पुढे केले, आणि त्याचा तो मोठा काळा डोळा तिच्यावर लागला. त्या डोळ्यात मला टॉर्चचा ठिपका दिसत होता आणि तिची सावली. माळावरचा वारासुद्धा त्या क्षणी पडला असं मला वाटतं, पडला नसेलही. तिने हात काढला, नळी तिथे आणली, मानेच्या रेषेत तिरकी केली आणि चाप ओढला.

आवाज इतका मोठा होता की नंतर माझ्या कानांत नुसती शीळ उरली. घोड्याने एकदा दीर्घ श्वास सोडला. डोकं हळूच खाली आलं, व्हर्नाच्या मांडीवर. दुसरी गोळी झाडावी लागली नाही.

तिने पिस्तूल रिकामं करून माझ्याकडे वर दिलं, मुलीच्या बरगड्या चाचपल्या आणि तिच्याशेजारी बसून राहिली. पुढचा अर्धा तास त्या दोघी त्या ऊबदार अंगाला टेकून बसल्या होत्या. मुलीला बोलताना त्रास होत होता, तरी तिने विचारलं, त्याला काही कळलं का.

"नाही," व्हर्ना म्हणाली. "गोळी आवाजाच्या आधी पोचते. त्याने आवाज ऐकलाच नाही. तो माझं बोलणं ऐकत होता."

स्वयंसेवकांनी पत्रा कापला, हवेच्या पिशव्या फुगवून घोडा उचलला. मुलीचा पाय दोन ठिकाणी मोडला होता, तीन बरगड्याही. तिला दवाखान्यात नेल्यावर व्हर्ना रस्त्याकडेच्या बर्फात उभी राहिली, हात गारठून लाल झालेले. मी ते माझ्या काखांत धरले. मी तिला ओळखतो असं चौतीस वर्षं समजत होतो. त्या दिवशी मला एखाद्या उंच जागेजवळ उभं राहिल्यासारखं वाटत होतं, जिचा वरचा भाग ढगांत आहे.

लुंडीनांकडून आभाराचं पत्र आलं, पण ते आईचं होतं. मुलीने काही लिहिलं नव्हतं. व्हर्नाला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणाली, मी तिचा घोडा मारलाय, तिने मला चेरीचा केक करून पाठवावा का?

ऑगस्ट महिन्यातल्या जत्रेत मात्र ब्रिन भेटली. काठी होती, लंगडत होती. जनावरांच्या तबेल्यात आम्ही कुणाचं तरी डुक्कर बघत होतो, तिथे येऊन उभी राहिली आणि विचारलं, "डॉक्टर, एक शिंगरू बघायला याल का? घ्यावं की नाही, ठरत नाहीये."

शिंगरू तांबूस होतं, दीड वर्षाचं, फार नखरेल. व्हर्नाने पाय चाचपले, दात बघितले, मग स्टेथोस्कोपची नळी कानाला लावून बरगड्यांवर ठेवली. ऐकून झाल्यावर तिने ती नळी काढून ब्रिनच्या कानांना लावली आणि टोक शिंगराच्या डाव्या कोपरामागे धरून ठेवलं.

मुलगी ऐकत राहिली. घोड्याचं काळीज फार सावकाश चालतं. एक ठोका, मग इतका वेळ काहीच नाही की वाटावं संपलं, मग दुसरा. तिचं तोंड थोडं उघडलं होतं. आजूबाजूला भोंगे वाजत होते, लोक वाट काढत जात होते. आम्ही दोघं तिथे उभे होतो, आणि तिने ती नळी बराच वेळ परत दिली नाही.